ब्लेड ऑफ डार्कनेस : नेहमी विचारले जाणारे प्रश्न (नवीन खेळणाऱ्यांनी आधी हे वाचा)

हा नेमका कुठला गेम? सेव्हरन्स वेगळा आणि ब्लेड वेगळा का?

नाही, एकच आहे. माद्रिदच्या रेबेल अॅक्ट स्टुडिओजने बनवला, कोडमास्टर्सने काढला, २००१ सालचा गेम, तेव्हा फक्त विंडोजवर. युरोपात त्याचं नाव सेव्हरन्स : ब्लेड ऑफ डार्कनेस, अमेरिकेत नुसतं ब्लेड ऑफ डार्कनेस, आणि खुद्द स्पेनमध्ये ब्लेड : द एज ऑफ डार्कनेस. त्यामुळे जुन्या चर्चा शोधताना तिन्ही नावांनी शोधा, नाहीतर अर्धी माहिती हातातून निसटते. थर्ड पर्सन आहे, म्हणजे योद्धा पाठीमागून दिसतो, तलवारबाजी आहे, किल्ले, थडगी, खाणी, सापळे, किल्ल्या शोधणं, सगळं आहे, पण जीव मात्र लढाईत आहे.

ग्राफिक्स भारी होते म्हणतात ते त्या काळच्या मानाने की आजही?

दोन्ही, पण वेगवेगळ्या कारणांनी. मॉडेल्स आज बघितलीत तर चेहरे चौकोनी, बोटं जोडलेली, त्यात काही नवल नाही. पण उजेड आणि सावली! त्या काळातल्या बहुतेक गेममध्ये सावली म्हणजे पायाखाली एक काळा गोल ठिपका, किंवा भिंतीवर आधीच रंगवून ठेवलेला अंधार. इथे मात्र मशाल हलली की सावली हलते, तीही माणसाच्या पूर्ण आकाराची, तलवारीसकट, आणि तीन मशाली असतील तर तीन सावल्या. डूम ३ या गेमने अशा सावल्यांचा गाजावाजा केला तो २००४ मध्ये, म्हणजे हे स्पॅनिश लोक तीन वर्षं आधीच करून बसले होते आणि तेही स्वतः लिहिलेल्या इंजिनवर.

आणि हे नुसतं दिसायला नाहीये, खेळायला पण उपयोगी आहे. अंधाऱ्या बोळात उभे राहा, कोपऱ्यापलीकडे मशाल असेल तर ऑर्क (राक्षसासारखा शत्रू) वळायच्या आधी त्याची सावली भिंतीवर येते, आधी डोकं, मग खांदा, मग वर उचललेलं हत्यार, आणि तेवढ्या वेळात तुम्ही ढाल वर करून तयार. पाण्यात पडणारी प्रतिबिंबं पण थांबून बघा, पाण्याशेजारी कोणी मारायला येत नसेल तर. मी आजही कोणाला हा गेम दाखवतो तेव्हा लढाई नाही दाखवत, आधी मशाल दाखवतो.

मग एवढं सगळं चांगलं असताना लोक कंट्रोलच्या नावाने का ओरडतात?

कारण पहिला तासभर कंट्रोल खरोखर जीव नकोसा करतात. बटण दाबलं की लगेच वार होत नाही, आधी हात मागे जातो, मग तलवार फिरते, मग परत जागेवर येते, आणि या सगळ्या वेळात तुमचं दुसरं काहीही ऐकलं जात नाही. योद्धा वळतो तो सगळं अंग घेऊन वळतो. दोन-तीन वार सलग मारले की दम संपतो आणि तो हळूहळूच भरतो. त्यात शत्रूला लॉक केलं, म्हणजे नजर त्याच्यावरच खिळवून ठेवली, की दिशांच्या बटणांचा अर्थच बदलतो, आत्तापर्यंत जे बटण चालायचं होतं ते आता वार कुठल्या बाजूने करायचा ते ठरवतं. नवीन माणूस घाबरून सगळी बटणं बडवतो, दम जातो, आणि समोरचा साधा ऑर्क येऊन डोकं उडवतो.

माझं मत स्पष्ट सांगतो. या गेमचा जो अवघडपणा आहे ना, त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय गेमला न्याय मिळत नाही. एक म्हणजे हत्याराचं वजन. वार सुरू झाला की तो परत घेता येत नाही, जड कुऱ्हाड जास्त दम खाते, चुकलेला वार महाग पडतो, हे सगळं मुद्दाम केलंय आणि बरोबर केलंय, किंबहुना हाच गेम आहे. दुसरी गोष्ट म्हणजे कॅमेरा, उड्या आणि सामान बदलायची पद्धत, ती मात्र सरळ सरळ कच्ची आहे, तिथे कुठलाही हेतू शोधू नका. ओरडणारे लोक दोन्हीला एकच शिवी देतात आणि कट्टर चाहते दोन्हीचा बचाव करतात, मला दोघांचंही पटत नाही.

पहिल्या तासात नक्की काय करू?

सगळ्यात आधी बटणं स्वतःच्या हाताला सोयीची लावून घ्या, लॉक, ढाल आणि वार ही तिन्ही न बघता सापडली पाहिजेत. मग पहिला एकटा शत्रू गाठा आणि त्याला मारायचा प्रयत्नच करू नका. हो खरंच, मारू नका. लॉक करा, त्याच्याभोवती फिरा, त्याला वार करू द्या आणि तुम्ही मागे सरका. थोड्या वेळात दिसायला लागतं की तो कुठल्या पायावर जोर देतो, हात किती मागे नेतो, आणि वार फुकट गेल्यावर त्याचं हत्यार खाली असतं तो क्षण केवढा असतो. त्या क्षणात एक पाऊल पुढे, एकच वार, परत मागे. दुसरा वार मारायचा मोह टाळा, पहिल्या तासात तरी. हे जमलं की सगळा गेम बदलतो, तेच कंट्रोल अचानक ऐकायला लागल्यासारखे वाटतात, खरं तर बदललेले तुम्ही असता.

आणि दमाच्या पट्टीकडे बघत खेळा. आयुष्याच्या पट्टीकडे सगळेच बघतात, पण मरण येतं ते बहुतेक वेळा दम संपल्यामुळे.

ढाल वर धरूनच फिरलं तर चालेल का?

थोडा वेळ चालेल. ढाल मार खाऊन खाऊन तुटते, आणि ती तुटते नेमकी तेव्हा जेव्हा समोर दोघं असतात. म्हणून ढाल हा शेवटचा उपाय ठेवा, पहिला उपाय पाय. लॉक असताना उडीचं बटण आणि दिशा दाबली की योद्धा बाजूला किंवा मागे सटकतो, हे जितक्या लवकर अंगवळणी पडेल तितकं बरं. हातात ढाल नसेल तर हत्याराने पण वार अडवता येतो.

चार योद्ध्यांपैकी कोणाला घेऊ?

सार्गन हा सरदार, तलवार आणि ढाल, सगळं मध्यम, म्हणून पहिल्यांदा खेळणाऱ्याला मी डोळे झाकून हाच सांगतो. नाग्लफार हा बुटका, कुऱ्हाडी-हातोड्यावाला, मार सोसायला पक्का पण हाताची पोच कमी, त्यामुळे शत्रूच्या अगदी जवळ जावं लागतं. झोई ही अॅमेझॉन, भाल्यासारखी लांब हत्यारं, चपळ, पण चुकीला माफी कमी, दुसऱ्या खेपेला घ्या म्हणजे मजा येईल.

आणि चौथा तुकाराम. हे वाचून सगळे मराठी लोक थबकतात आणि मला विचारतात की हे कोणी नंतर घातलंय का, तर नाही, मूळ गेममध्येच रानटी योद्ध्याचं नाव तुकाराम आहे. दोन हातांनी पेलायच्या अवजड तलवारी, भयानक ताकद, पण बचाव कमकुवत. त्याचा एक वार बसला तर खेळ खलास आणि चुकला तर तुमचा खलास. ज्यांना वजनाचा तो हिशोब समजलाय त्यांच्यासाठी चौघांत सगळ्यात समाधान देणारा हाच, असं माझं मत.

चौघांची पहिली पातळी वेगळी आहे, सार्गनची तबरियलच्या किल्ल्यात, नाग्लफारची खाझेल झालमला, झोईची मराकाम्दाला आणि तुकारामची काशगरला. पुढे सगळ्यांचा रस्ता एक होतो. त्यामुळे नक्की होत नसेल तर चारही सुरुवाती खेळून बघा, प्रत्येकाची चव लगेच कळते.

सापडलेलं कुठलंही हत्यार वापरलं तर चालतं ना?

उचलता येतं, पण प्रत्येक योद्ध्याचा हात ठराविक प्रकारावर बसलेला आहे. आकडा मोठा दिसला म्हणून सार्गनच्या हातात भलतीच कुऱ्हाड देऊ नका. आणि एका वेळी मोजकीच हत्यारं जवळ ठेवता येतात, त्यामुळे एक रोजचं भरवशाचं, एक जड, बाकी जागा ढालीला आणि धनुष्याला, असा हिशोब ठेवा.

कॉम्बो पाठ करायलाच हवेत का?

सगळे नाही. दिशा आणि वार यांचे क्रम असतात, तुमची लेव्हल वाढली की नवीन क्रम उघडतात, शिवाय हत्याराहत्याराचा खास वार वेगळा. यादी बघून सगळे घोकायला बसलात तर लढाईत एकही आठवणार नाही. प्रत्येक हत्यारासाठी दोनच पक्के करा, एक छोटा जो पटकन संपतो, आणि एक मोठा जो समोरचा लडखडला असेल तेव्हाच काढायचा. मोठा कॉम्बो मधेच थांबवता येत नाही आणि संपेपर्यंत तुम्ही उघडे असता, हे विसरू नका. नवीन उघडलेला क्रम आधी मोकळ्या जागेत हवेत मारून बघा, तो पाऊल किती पुढे टाकतो ते बघायचं असतं, कारण कड्याच्या टोकाला लढताना तेच पाऊल तुम्हाला खाली नेतं.

दोन-तीन शत्रू एकदम आले की मी मरतोच. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मोकळ्या जागेत थांबायचंच नाही. मागे दार असेल तर दारात जा, जिना असेल तर जिन्यावर, म्हणजे समोर एका वेळी एकच राहील. दुसरं म्हणजे त्यांची हत्यारं एकमेकांना लागतात! अरुंद जागेत मागच्याने फिरवलेली कुऱ्हाड पुढच्याच्या पाठीत बसते आणि मग त्यांची आपापसात जुंपते, तेव्हा तुम्ही फक्त मागे सरकून बघायचं आणि दम भरून घ्यायचा. तिसरं, लांबून एकेकाला बोलवा, धनुष्य असेल तर बाणाने, नसेल तर हातातली वस्तू फेकून. लॉक चुकीच्या माणसावर बसतो ही तक्रार खरी आहे, म्हणून गर्दीत लॉक सोडून पळायचं आणि जागा मिळाली की परत लॉक करायचं, तसंच लॉक धरून गर्दीत फिरत बसलात तर पाठ कोणाकडे आहे तेच कळत नाही.

कॅमेऱ्याचं काही करता येतं का?

फारसं नाही. भिंतीला पाठ लावलीत की कॅमेरा तुमच्या मानगुटीवर येऊन बसतो आणि योद्ध्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. उपाय एकच, लढाईची जागा आधी निवडा, पाठीमागे चार पावलं मोकळी ठेवा. बुटक्या छताच्या खोलीत शिरायच्या आधीच शत्रूला बाहेर ओढा. ही गेमची खरी उणीव आहे, तिच्याशी जमवून घ्यावं लागतं.

आणि उड्या?

उड्यांसाठी सरळ सांगतो, उडीच्या आधी सेव्ह करा. पळत येऊन मारायची उडी नेमकी कुठून सुटेल याचा अंदाज यायला वेळ लागतो, कडेपर्यंत पळत गेलात तर सरळ खाली जाता. आधी कडेपाशी चालत जाऊन तोंड बरोबर दिशेला करून घ्या, मग सरळ मागे या आणि मग पळा, वळणावरून पळत येऊन उडी मारू नका. फिरती पाती, खिळे, गडगडत येणारे धोंडे असे सापळे पण आहेत, त्यात मात्र बहुतेक वेळा थांबून बघितलं तर ताल सापडतो.

लढाई चालू असताना औषधाची बाटली काढायला जातो आणि तेवढ्यात मरतो.

कारण सामान बदलताना गेम थांबत नाही. एकेक वस्तू पुढे सरकवत न्यावी लागते आणि समोरचा काही तोपर्यंत थांबत नाही. लढाई सुरू व्हायच्या आधीच बाटली पुढे आणून ठेवायची सवय लावा. आणि खाण्याच्या वस्तू शांतता असताना वापरून घ्या, बाटल्या मोठ्या शत्रूंसाठी राखा. रिकाम्या खोल्यांत पिंपं-पेट्या फोडत चला, त्यात बरंच काही निघतं.

कापलेला हात उचलून खरंच त्याने मारता येतं?

येतं. शत्रूचे हातपाय, मुंडकं तुटतं आणि तुटलेला अवयव हत्यार म्हणून वापरता येतो. त्याने कोणी लवकर मरत नाही, पण वस्तू म्हणजे नुसती सजावट नाही, जगात जे पडलंय ते उचलता यावं, फेकता यावं, हा जो या लोकांचा हट्ट होता तो यात दिसतो. आता ओघाने सांगतो, यामुळेच हा गेम लहान मुलांसमोर लावू नका, रक्त खूप आहे.

स्टोरी कशी आहे? समजली नाही तर अडतं का?

अडत नाही. दाल गुराक नावाचा खलनायक, त्याच्यामागे अंधाराची जुनी शक्ती, आणि तिला रोखू शकणारी इआनाची तलवार, एवढं धरून ठेवलं तरी पुरे. गोष्ट साधीच आहे, जागा मात्र लक्षात राहतात, वाळवंटातला नेजेबचा भाग, केल्बेगेनच्या खाणी, कारुमचं बेट, एफिराची थडगी. प्रत्येक ठिकाणी उजेडाचा रंग वेगळा आहे, खाणीतला आणि वाळवंटातला फरक तर पायरी ओलांडताच जाणवतो.

रून्सचं काय भानगड आहे? मला एकही सापडली नाही.

हे नीट वाचा कारण इथे लोक शेवटी येऊन डोक्याला हात लावतात. वेगवेगळ्या पातळ्यांमध्ये मिळून सहा रून्स (जादूची चिन्हं) लपवलेल्या आहेत आणि इआनाची तलवार मिळवायची तर सहाच्या सहा लागतात. गेम तुम्हाला त्यासाठी अडवत नाही, एक राहिली तरी पुढे जाऊ देतो, म्हणून कळत नाही. प्रत्येक पातळी सोडायच्या आधी कोपरे, बंद वाटणारी दारं तपासा, आणि प्रत्येक पातळीच्या सुरुवातीचा एक सेव्ह वेगळा ठेवून द्या, म्हणजे काही सुटलं असेल तर सगळा गेम पहिल्यापासून खेळावा लागणार नाही.

हा डार्क सोल्सचा बाप आहे असं म्हणतात, खरं का?

साम्य डोळ्यात भरण्यासारखं आहे हे नक्की. लॉक करून शत्रूभोवती फिरणं, दमाची पट्टी, वार सुरू केला की तो भोगायचा, अंधाऱ्या पडक्या वास्तू, एकट्याने फिरणं, हे सगळं इथे २००१ मध्ये आहे आणि डार्क सोल्सच्या आधीचा, त्याच घराण्यातला डेमन्स सोल्स आला २००९ मध्ये. पण थेट नातं सांगणं मला पटत नाही, तसं ठामपणे म्हणण्यासारखा पुरावा लागतो. मी एवढंच म्हणेन की ज्यांनी नंतरचे हे गेम खेळलेत त्यांना ब्लेडचे कंट्रोल आज कमी विचित्र वाटतात. २००१ मध्ये मात्र लोकांना बटण दाबताच वार हवा होता, आणि त्या मापाने मोजलं तर हा गेम नापासच होणार होता.

स्टुडिओचं पुढे काय झालं?

गेम अपेक्षेइतका विकला गेला नाही आणि २००२ मध्ये रेबेल अॅक्ट बंद पडला. वाईट वाटतं, कारण दुसरा भाग आला असता तर कॅमेरा नक्की सुधारला असता. पण त्यातल्याच लोकांनी त्याच वर्षी माद्रिदमध्ये मर्क्युरीस्टीम काढली, आणि त्यांनी पुढे कॅसलव्हेनिया : लॉर्ड्स ऑफ शॅडो आणि मेट्रॉइड ड्रेड हे गेम केले. ड्रेड आला ऑक्टोबर २०२१ मध्ये, आणि त्याच महिन्यात जुना ब्लेड पुन्हा विक्रीला आला, हा योग मला फार आवडतो. स्पेनमध्ये या गेमवर प्रेम करणारे अजून आहेत, २०१७ मध्ये तर झेडएक्स स्पेक्ट्रमसारख्या जुन्या मशीनसाठी द सोर्ड ऑफ इआना नावाचा गेम काहींनी बनवला, याच जगातला.

आजच्या विंडोजवर चालतो का?

स्टीम आणि जीओजी या ऑनलाइन गेम दुकानांत स्नेग कंपनीने काढलेली २०२१ ची आवृत्ती घ्या, सरळ चालते, रुंद स्क्रीनवर नीट बसते, मोठं रिझोल्यूशन घेते. जुनी सीडी असेल तर डीजीवूडू २ सारखं, जुने गेम नव्या विंडोजवर चालवणारं काहीतरी मधे घालून चालवता येईल पण त्यात वेळ जातो, मूळचं जसंच्या तसं बघायचा हट्ट असेल तरच त्या वाटेला जा.

कीबोर्ड-माऊस बरा की गेमपॅड?

गेमपॅडची सोय नवीन आवृत्तीत आहे आणि चालताना, फिरताना तो हाताला बरा वाटतो. पण कॉम्बोसाठी मला कीबोर्डच भरवशाचा वाटतो, दिशा स्वच्छ लागते, काडी तिरकी गेली म्हणून भलताच वार निघाला असं होत नाही. दोन्ही वापरून बघा आणि एक धरा, मधेच बदललंत तर हाताची सवय मोडते.

मोड्स आहेत का?

आहेत. गेमचं बरंच कामकाज पायथन भाषेतल्या स्क्रिप्टवर चालतं, त्या काळात हे फार कमी जण करत होते, त्यामुळे थोडंफार प्रोग्रामिंग येणाऱ्याला आत हात घालता येतो. चाहत्यांनी नवीन नकाशे, हत्यारं, शत्रू बनवलेत. पण पहिल्या खेपेला काहीही न घालता खेळा. आणि फाईल बदलायच्या आधी पूर्ण फोल्डरची कॉपी काढून ठेवा, सेव्ह फाईल पण त्यात धरा, कारण मोड काढल्यावर जुना सेव्ह उघडेलच असं नाही.